देव जरा लहान कर

लग्न जुळलं की माणसाकडे अल्बम उरतो, किस्से उरत नाहीत. किस्से साचतात ते न जुळलेल्यांकडे. आणि आमच्या उंद्रीत ते सगळे फिरून फिरून माझ्या दुकानात येऊन साचतात!

दुकान चिखली-खामगाव रोडला लागून आहे, एसटी थांब्याच्या जरा अलीकडे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पीक विमा, आणि लग्नाचे बायोडाटा. मी स्वतः एम.ए., बी.एड. सात वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात मराठी शिकवलं. म्हणजे तास झाला तर सर, नाही झाला तर विनोद. भरती निघेल, निघेल म्हणता म्हणता सदतीस वर्षांचा झालो. आसपासच्या गावांतल्या बहुतेक लग्नाळू पोरांचे बायोडाटा मी टाइप केलेत. स्वतःचाही केलाय, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा.

दुकानापुढे एक बाकडं आहे. दुपारी तीन-चारच्या सुमाराला त्यावर दोघं येऊन बसतात. एक गजानन. आमच्या जिल्ह्यात 'गजानन' अशी हाक मारली की चौघं वळून पाहतात, म्हणून हा गजू. शेती करतो. दुसरा सिद्धार्थ. मेकॅनिकलचा डिप्लोमा, सध्या शेतांवर सोलर पंप बसवतो. आम्ही तिघंही बिनलग्नाचे. गावानं आमचं नाव ठेवलंय 'वेटिंग लिस्ट'. "काय वेटिंग लिस्ट, चहा झाला काय?" असं लोक जाता जाता विचारतात. आधी राग यायचा. आता आम्ही ओ देतो.

* * *

गजूचा पहिला बायोडाटा करायला त्याचे वडील आले होते. शामरावकाका. रोज सकाळी पोथी वाचल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. त्यांनी सांगितलं तसं मी केलं. मधोमध गणपती, डावीकडे गजानन महाराज, उजवीकडे कुलदैवत. पान तिथंच अर्धं भरलं.

तेवढ्यात गजू आला. तो नुकताच चाकणच्या एका कंपनीत लागला होता. कॉन्ट्रॅक्टवर का होईना, लागला होता. त्याला कंपनीचं पूर्ण नाव हवं होतं, डिपार्टमेंट हवं होतं, पीएफ कापला जातो हे हवं होतं, आणि पुण्याचा पत्ता तर ठळक अक्षरात हवा होता.

"विन्या, देव जरा लहान कर बे. नोकरीले जागा पाह्यजे!"

काका चमकले. "देव लहान कराचा नसते."

"मंग नोकरी काय मांगच्या पानावर लिहू? मांगचं पान कोणी पाह्यते काय?"

झालं. गणपती पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला. महाराज आणि कुलदैवत पानाच्या तळाशी गेले. काकांनी स्क्रीनकडे पाहून हात जोडले आणि निघून गेले.

दीड वर्षानं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि गजू गावी परत आला. बायोडाटा बदलायला या वेळीही काकाच आले, कारण गजूला दुकानाची पायरी चढायची लाज वाटत होती. मी नोकरीचा मजकूर उडवला. पानाच्या मध्यभागी पांढरी फटक जागा उघडी पडली. मी विचारलं, "काका, इथं काय लिहू?"

काकांनी त्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आता देव मोठा कर बाप्पा. जागा हाये!"

* * *

जोशीकाका पत्रिका पाहतात. माझा मंगळ त्यांनीच शोधून काढला. मी सव्वीस वर्षांचा असताना तीन चांगली स्थळं सांगून आली होती, आणि तिन्ही माझ्या वडिलांनी त्यांच्या सल्ल्यानं परत पाठवली. एकीशी नाडी एक निघाली, एकीचा गण जमला नाही. तिसरीचं काय बिनसलं ते आता आठवत नाही. ती तिसरी अमडापूरला दिली. पोरांच्या शाळेचे फॉर्म भरायला माझ्याकडेच येते. छान हसते.

मंगळाची शांत केली. पुढं वडील गेले. मी मंगळासकट बत्तीसचा झालो. मेहकरकडच्या एका मुलीच्या वडिलांना फोन केला आणि म्हटलं, लपवाछपवी नको, आधीच सांगून टाकावं.

"मला मंगळ आहे," मी म्हणालो.

"असू द्या हो, मंगळाचं काय एवढं! तुम्ही पुण्यात आहात का तेवढं सांगा!"

हा किस्सा मी जोशीकाकांना रंगवून सांगितला. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. चार दिवसांनी स्वतःच्या मुलाचा बायोडाटा करायला आले. मुलगा चौतीसचा, चिखलीला एका मेडिकल दुकानात कामाला. मी नाव, उंची, शिक्षण टाइप केलं आणि सवयीनं विचारलं, "रास, नक्षत्र, गण, नाडी?"

काका रस्त्याकडे पाहत होते. "ती ओळ काढून टाक," ते म्हणाले. "पोरगा म्हणतो, बाबा, लोकांना नाही म्हणायला आधीच कारणं कमी आहेत का!"

* * *

गावात लग्न असलं की पंगतीत वाढायचं काम आमच्या तिघांकडे. कोणी सांगावंही लागत नाही. गजू बुंदी, सिद्धार्थ वरण, मी पाणी. आमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान पोरं नवरदेव होऊन आमच्या पाया पडतात आणि आम्ही 'सुखी राहा' म्हणतो. तेव्हा मंडपात कुठंतरी पाहत राहावं लागतं, एकमेकांकडे पाहिलं तर पंचाईत होते.

मागच्या वर्षी एका लग्नात नवरीकडच्या एका बाईंनी गजूला कौतुकानं विचारलं, "तुमची मुलं कोणत्या शाळेत आहेत हो भाऊ?"

गजूनं त्यांच्या पत्रावळीवर बुंदी वाढली आणि म्हणाला, "अ‍ॅडमिशन व्हायची हाये अजून!"

* * *

सिद्धार्थच्या घरात देवघर नाही. भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि खाली काचेच्या कपाटात घरातल्या सगळ्यांची सर्टिफिकेटं. लॅमिनेट केलेली, माझ्याच दुकानातून. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. पोरगं शिकलं की पुढचं आपोआप होतं, यावर त्या माणसाचा ठाम विश्वास. पोरगं शिकलं. पुढचं काही आपोआप झालं नाही. मी एकदा सिद्धार्थला विचारलं, बाबांचा विश्वास अजून तसाच आहे का रे? "हाये ना," तो म्हणाला. "माह्या बी हाये. फक्त मीच त्याच्यात बसत नाई."

त्याचं चिखलीला जवळजवळ जमलंच होतं. मुलगी बी.एस्सी., स्पर्धा परीक्षा करणारी. हुंडा नाही, मानपान नाही, विहारात साधं लग्न, सगळं दोन्हीकडून मान्य. मुलीची अट एकच, परीक्षा होऊ द्यायची, मग लग्न. याला तर आनंदच झाला. यानं स्वतः चार वर्षं परीक्षा दिल्या होत्या. तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेल्या सगळ्या नोट्स यानं गोणीत भरून तिच्या घरी नेऊन दिल्या. पुढं आठ महिने हा दर रविवारी चिखलीला जायचा आणि तिच्या वडिलांच्या समोर बसून तिचा अभ्यास घ्यायचा. आमच्या ओळखीत असं प्रेम दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

ती पास झाली. चांगल्या पोस्टवर लागली. तिचे वडील सिद्धार्थच्या घरी आले, त्याच्या वडिलांचे दोन्ही हात धरून म्हणाले, आता तिच्या बरोबरीचा पाहावा लागेल, तुम्ही समजून घ्या. सिद्धार्थचे वडील समजून घेत राहिले. त्यांना दारापर्यंत सोडायलाही गेले.

दुसऱ्या दिवशी सिद्धार्थ पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आला. आम्हाला वाटलं, याचं डोकं फिरलं.

"पेढे कायचे बे?" गजूनं विचारलं.

"ती पास झाली."

"ते मालूम हाये. पण तू काऊन वाटून राह्यला?"

"नोट्स माह्या व्हत्या ना!"

गजूनं लागोपाठ दोन पेढे तोंडात टाकले. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

* * *

चाकणला असताना गजू म्हणायचा, "देव-बिव काई नसते, ओव्हरटाइम असते!" नोकरी गेली आणि वर्षभरात त्यानं अकरा गुरुवार शेगाव धरलं. माझं उलटं झालं. मी आधी जायचो. पण दरवेळी तेच मागायचं म्हणजे त्या समाधीपुढं उभं राहायची लाज वाटायला लागली, म्हणून सोडलं. सिद्धार्थ नवसाबिवसातला नाही, पण गजूला गाडीवर बसवून शेगावला नेऊन सोडायचा आणि तासभर बाहेर चहा पीत बसायचा.

सातव्या गुरुवारी सिद्धार्थला काम होतं, गजू एकटाच गेला आणि दुकानात परत आला तो खो खो हसत. रांगेत पुढं मोताळ्याकडची दोन पोरं होती. बोलता बोलता निघालं, तीही लग्नासाठीच आलेली. आणखी बोलता बोलता निघालं, तिघांनीही गेल्या महिन्यात एकच मुलगी पाहिलेली! तिघांनाही अजून तिकडून निरोप नव्हता.

"मंग?" आम्ही विचारलं.

"मंग काय. ती बी व्हती तिथी! बायांच्या रांगेत. मले पाह्यलं तिनं, वयखलं. जवळ आली."

"काय म्हणली?"

"म्हणे, पोलीस भरतीची ग्राउंड हाये सोमवारी. नोकरी लागली तं घरचे लग्नाची घाई करनार नाईत. म्हणे, दादा, माह्यासाठी बी मागसान काय?"

'दादा' शब्दावर सिद्धार्थनं चहाचा कप खाली ठेवला.

"अन् तू मागतलं?"

"मागतलं ना! मनापासून मागतलं." गजूचं हसू तोपर्यंत ओसरलं होतं. "माह्यंच मागाचं राहून गेलं!"

* * *

आता माझं. माझ्या कॉम्प्युटरात एक फोल्डर आहे. त्यात 'विनोद फायनल', 'विनोद फायनल नवीन', 'विनोद एकदम फायनल' अशा फाइली आहेत. सगळ्यांत शेवटी एक रकाना, अपेक्षा. पहिल्या फाइलीत लिहिलंय: गोरी, उंच, पदवीधर, गृहकृत्यदक्ष, पोटजात तीच. दुसरीत गोरी आणि उंच गेलं. मग पदवी गेली. मग पोटजात गेली. पुढच्या फाइलीत जातच गेली. आणि दोन वर्षांपूर्वीच्या फाइलीत मी टाइप केलं, विधवा, घटस्फोटित, अपत्यासह चालेल.

'चालेल'! जुनी मोटारसायकल घेताना म्हणतात तसं. मी स्वतःची लाज वाटून ते खोडलं आणि दुसरा शब्द सुचेना म्हणून पुन्हा तेच लिहिलं.

लोक म्हणतात, विनोद सर पुढारलेल्या विचारांचे आहेत. बी.एड.ला असताना जातिभेदावर, विधवाविवाहावर मी फार सुंदर निबंध लिहिले होते, शाबासकीही मिळाली होती. पण खरं सांगायचं तर त्यातलं एक अक्षर तेव्हा माझ्या अंगाला लागलेलं नव्हतं. पक्की नोकरी लागली असती तर मी गोरी, उंच आणि पोटजात तीच करून मोकळा झालो असतो. दुपारी जेवायला घरी गेलो की आई आणि मी समोरासमोर बसून जेवतो, आणि आमच्यात बोलायला फक्त भाजी असते. माझे विचार तिथं सुधारले.

आईचेही तिथंच सुधारले. माझी मावशी तिशीत विधवा झाली. शेगावलाच राहते. आईनं तेव्हापासून आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ती फाइल मी वाचून दाखवली तेव्हा आईनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "लाव फोन तिले. म्हण, असं स्थळ असंन तं पाह्य."

मी फोन लावून आईच्या हातात दिला. स्पीकरवर मावशीचा आवाज आला, "काऊन वं माई, आता विधवा चालते काय तुले?"

मावशीनं पंधरा दिवसांत सोनाळ्याचं स्थळ शोधून दिलं.

* * *

सोनाळ्याला आम्ही चौघं गेलो. मी, गजू, सिद्धार्थ आणि शेगावहून मावशी. आईनं यायचं टाळलं. एसटीत मी दोघांना सांगून टाकलं होतं, हे शेवटचं. इथून नकार आला तर फोल्डर डिलीट. पुन्हा कोणाच्या ओसरीवर चहा प्यायला जाणार नाही. गजू काहीतरी चावट बोलेल असं वाटलं होतं. तो खिडकीबाहेर सातपुडा पाहत बसला.

घर शेतकऱ्याचं, सारवलेली ओसरी. एक म्हातारे गृहस्थ पुढं आले. "मी तिचा सासरा," ते म्हणाले. "पोरगा गेला त्याले तीन वर्षं झाले. तिले मायबाप नाईत. म्हून मीच बसलो." एवढं बोलून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सरिता चहा घेऊन आली. अंगणवाडीत मदतनीस आहे. थकलेली दिसत होती. समोरच्या खुर्चीवर सरळ बसली. मावशीनं विचारलं, "तुले काई विचाराचं हाये काय बाई?"

"मले नाई," ती म्हणाली. "हिले हाये."

दाराआडून एक आठ वर्षांची मुलगी बाहेर आली. आरोही. तिसरीत. हातात वही आणि पेन्सिल. ती माझ्यापुढं मांडी घालून बसली आणि वही उघडली. तोंडी परीक्षा घेतात तसे तिनं प्रश्न लिहून आणले होते, आकडे घालून.

"पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. तिनं बरोबरची खूण केली.

"शिक्षण?"

"एम.ए., बी.एड."

"म्हंजे कितवी?"

"सतरावी. वर आणखी एक."

"एवढं शिकून झेरॉक्स काहाडता?"

गजू फसकन हसला. मी म्हणालो, "हो." तिनं जरा विचार केला आणि खूण केली.

"सयपाक येते?"

"वरण-भात येतो, पिठलं येतं. भाकर फाटते."

याला अर्धीच खूण मिळाली.

"चालून दाखवा."

मावशीनं पदर तोंडाला लावला. मी उठलो, तुळशीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. तेवढ्या दहा पावलांत माझे कान तापले. सव्वीस वर्षांचा असताना खुर्चीत बसून, बशीत चमचा ठेवून, मी तीन मुलींना असंच चालताना पाहिलं होतं, आणि पाहताना मला काहीच वाटलं नव्हतं.

"मारता काय?"

"नाही."

खूण. सरिता जमिनीकडे पाहत होती. सासऱ्यांनी टोपी उचलली, झटकली आणि पुन्हा मांडीवर ठेवली. आरोहीनं पान उलटलं. या पानावर एकच प्रश्न होता. तो तिनं वहीत न पाहताच विचारला.

"तुमी मरसान तं नाई ना?"

मी सिद्धार्थकडे पाहिलं, गजूकडे पाहिलं. नेहमी बोलायला पुढं असणारी ही माणसं खाली बघून बसली होती.

"नाही," मी म्हणालो.

तिनं पेन्सिल उचललीच नाही. माझ्याकडे नुसती पाहत राहिली.

"बाबा बी असंच म्हणले व्हते," ती म्हणाली.

आणि तिनं बरोबरची खूण केली.